चीज नको म्हटलं, तरी दूध उरतंच: बेळगावच्या एका जुन्या पिझ्झा पार्लरमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या वडगावातलं अकरा जणांचं एक कुटुंब. घरातले वडील शाळेतून निवृत्त झाले आणि त्या निमित्ताने सगळ्यांनी बाहेर जेवायचं ठरलं. कुठे, हा प्रश्नच नव्हता. दहावीचा निकाल असो की कुणाचं लग्न जमलेलं असो, हे घर पंचवीस वर्षं एकाच पिझ्झा पार्लरमध्ये जात आलंय. सहा टेबलं, काउंटरवर मालक, पडद्याआड ओव्हन, भिंतीवर हाताने रंगवलेला दरफलक. (दुकान आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.)

तिथला पिझ्झा म्हणजे नव्वदच्या दशकात आपल्याकडे रुजलेला पिझ्झा. बेकरीतून आलेला जाड, अर्धा भाजलेला बेस. ट्रेला बटर. गोडसर टोमॅटो सॉस. कच्चा कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे चार दाणे. वर किसलेल्या चीजचा असा थर की खालचं काही दिसू नये. इटलीशी नातं नावापुरतं, पण बेळगावच्या एका अख्ख्या पिढीच्या लेखी पिझ्झा म्हणजे हाच.

धाकटी मुलगी पुण्यात शिकायला गेली आणि दीड वर्षापूर्वी व्हेगन झाली. मांस आणि अंडी घरात नव्हतीच. आता दूध, दही, तूप, लोणी, चीज, पनीर आणि मधही बंद. ज्या गावाची ओळख दुधाच्या कुंद्यावरून सांगतात, तिथल्या घराला हे पचायला वेळ लागला. पण तिने दुसऱ्या हॉटेलचा हट्ट धरला नाही. सगळे पिझ्झा खात असताना आपण फ्रेंच फ्राईजची बशी घेऊन बसायचं, हेही तिला नको होतं. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. पाच दिवस आधी, मंगळवारी दुपारी चारला, ती थोरल्या भावाला घेऊन पार्लरमध्ये गेली. वेळ बरोबर निवडली होती. साडेतीन ते पाच या वेळात जुन्या पार्लरमध्ये गिऱ्हाईक कमी असतं, मालक बोलायला मोकळा असतो आणि कारागीरही भाज्या चिरत बसलेला असतो.

अडचण नेमकी कुठे होती

"मामा, मी व्हेगन आहे. माझ्यासाठी पिझ्झा होईल का?"

"जैन करून देतो की. कांदा-लसूण नको, एवढंच न्हवं?"

मालकाचं उत्तर चुकीचं होतं, पण ते कुठून आलं हे कळण्यासारखं आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जैन वस्ती मोठी आहे. 'आमच्यासाठी वेगळा करा' म्हणणारं गिऱ्हाईक या मालकाने वर्षानुवर्षं पाहिलंय, आणि ते बहुतेक वेळा जैन पिझ्झा मागतं. जैन पिझ्झ्यात कांदा-लसूण जातं आणि त्या बदल्यात चीज वाढतं. म्हणजे हिला हवं त्याच्या नेमकं उलट. 'व्हेगन' हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये घडवला गेला. आपल्या काउंटरवरच्या गलक्यात तो 'व्हेज'सारखाच ऐकू येतो. शब्द समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा पदार्थांची नावं घेणं सोपं. ती मग म्हणाली, "चीज नको मामा, दुधाचं काहीच नको."

"चीज नसलेला पिझ्झा म्हणजे काय ओ ते? बरं, काढूया चीज."

इथे पहिला निर्णयबिंदू आला. बहुतेक जण इथेच थांबतात, चीज काढलेला पिझ्झा खातात आणि व्हेगन खाल्लं असं समजतात. या बहीण-भावाने पुढचा प्रश्न विचारला: "बेसपासून ताटात येईपर्यंत काय काय पडतं, ते क्रमाने सांगाल का?" मालकाने आठवून आठवून सांगितलं आणि दूध पाच ठिकाणी निघालं. बेसमध्ये. ट्रेला लावायच्या बटरमध्ये. सॉसमध्ये, कारण पाच किलो टोमॅटोचा सॉस उतरवताना चकाकीसाठी त्यात बटरचा गोळा जातो. चीजमध्ये. आणि ओव्हनमधून काढल्यावर कडेला फिरवायच्या गार्लिक बटरमध्ये. टेबलावरचं मेयोनीज सहावं. अंडं नसलेल्या मेयोनीजच्या पाकिटावर बऱ्याचदा 'मिल्क सॉलिड्स' लिहिलेलं असतं. ओरेगॅनोच्या पुड्यांपैकी काहींत नुसतं ओरेगॅनो नसून मसाल्याचं मिश्रण असतं, त्यातही दुधाची पावडर सापडते. सुक्या मिरचीच्या चुऱ्याला भीती नाही.

चीजवरून थोडी गंमत झाली. मालक आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का, हे सगळं चीज न्हवंच ओ. निम्मं तेलाचं हाय. तुला चालंल." दरवाढीनंतर त्यांनी खऱ्या चीजमध्ये स्वस्तातलं 'ॲनालॉग' मिसळायला सुरुवात केली होती. बोलण्यात हे खरं होतं: ॲनालॉग चीजमध्ये दुधाच्या स्निग्धांशाची जागा पाम तेल घेतं. पण तार सुटावी म्हणून त्यात केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, घातलेलं असू शकतं. पाकीट मागवून पाहिलं तर घटकांच्या यादीत ते होतंच. व्हेगन माणसाने पाकिटावर फक्त 'दूध' शोधून भागत नाही. केसीन, केसिनेट, व्हे, लॅक्टोज, मिल्क सॉलिड्स, बटर ऑइल हे सगळं दूधच. कॉफीच्या 'नॉन-डेअरी' पावडरीतसुद्धा सोडियम केसिनेट सापडतं.

हिरव्या ठिपक्याबद्दलही इथेच सांगायला हवं. आपल्याकडचा हिरवा ठिपका अर्धं काम करतो आणि ते अर्धं काम चांगलं करतो. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, व्याख्येत प्राणिजन्य घटक म्हणजे मांसाहार. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना त्यातून वगळलं आहे. त्यामुळे ठिपका हिरवा असेल तर बेकरी इम्प्रूव्हरमधलं (पीठ सुधारायला घालतात ती पूड) 471 नंबरचं इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारा घटक, प्राण्यांच्या चरबीपासून आलं असेल का, ही परदेशातल्या याद्या वाचून येणारी शंका इथे सोडून देता येते. शोधायचं उरतं ते दूध आणि मध. पाकीटबंद मालावर दुधाची ॲलर्जी-सूचना ठळक लिहावी लागते. 2022 च्या व्हेगन अन्न नियमांनंतर अशा मालासाठी वेगळं हिरवं 'व्ही' चिन्हही आहे. अडचण एकच: बेकरीतून सुटा येणारा बेस. त्यावर ना ठिपका, ना यादी.

समोर असलेले पर्याय

जागा बदलायची नाही हे ठरलेलं होतं, त्यामुळे सगळे पर्याय बेसभोवती फिरत होते.

पहिला पर्याय: आहे तोच बेस. मालकांनी बेकरीला फोन लावला. "बेसमध्ये दूध घालता का?" "नाही हो, दूध परवडतंय काय?" इथे हा पर्याय जवळजवळ पक्का झाला होता. भावाने फोन घेतला आणि प्रश्न फिरवला: "मैद्यात काय काय पडतं, तेवढं सांगा." मैदा, यीस्ट, साखर, मीठ, मार्गरीन, दूध पावडर, इम्प्रूव्हर. बेकरीवाला खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी दूध म्हणजे कॅनमधून येतं ते; पावडर ही पावडर. मार्गरीनच्या डब्यावरही दुधाची सूचना होती. या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट कदाचित हीच: 'अमुक घालता का' विचारलं की 'नाही' ऐकू येतं, 'काय काय घालता' विचारलं की यादी मिळते.

दुसरा पर्याय: बेकरीने पावडरीशिवाय वेगळा घाणा लावायचा. बेकरीचं मळणी यंत्र पाच किलोच्या आत नीट मळत नाही, आणि तीन-चार बेससाठी पाच किलो मळणार कोण? शिवाय दूध पावडर काढली की बेस फिका राहतो. यीस्ट दुधातली साखर खात नाही, ती पिठात तशीच राहते आणि भाजताना प्रथिनांबरोबर मिळून तांबूस रंग देते. पावडर काढायची तर साधी साखर मैद्याच्या 2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर न्यावी लागते आणि मऊपणासाठी 3 ते 4 टक्के तेल. होण्यासारखं आहे, पण घाणा वीस-पंचवीस बेसचा असेल तेव्हा.

तिसरा पर्याय: बेस घरून करून न्यायचा. 500 ग्रॅम मैदा, 300 मिलि पाणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 10 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर, 20 मिलि तेल. दहा मिनिटं मळायचं आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं. बेळगावच्या हवेत उन्हाळ्यात त्याला तासभर पुरतो, पावसाळ्यात किंवा थंडीत दोन तास धरावेत. चार गोळे होतात. आठ इंची लाटून, काट्याने टोचून, 220 अंशांवर चार-पाच मिनिटं अर्धवट भाजायचे. यात तांत्रिक अडचण काहीच नव्हती. आड आला तो मालकांचा चेहरा. बाहेरचा बेस आपल्या ओव्हनमध्ये घालायचा, उद्या पोरीचं पोट बिघडलं तर नाव दुकानाचं. जुन्या दुकानदाराची ही हरकत रास्त आहे. हा पर्याय राखीव ठेवला.

(एका आत्याने विचारलं, यीस्ट जिवंत असतं ना, मग ते कसं चालतं? यीस्ट ही बुरशी आहे, प्राणी नव्हे. व्हेगन लोकांना ते चालतं.)

चौथा पर्याय पडद्याआडून आला. कारागीर गोकाककडचा, कन्नड बोलणारा, मराठी समजणारा. तो म्हणाला, कडक रोट्टीवर करू. ज्वारीची कडक रोट्टी जन्मतःच बिनदुधाची असते, आणि हे वाटतं तितकं हास्यास्पद नाही. पण ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे सॉसचा ओलावा ती धरून ठेवत नाही. पाच मिनिटांत खाल्ली तर कुरकुरीत, दहा मिनिटांत लगदा. अकरा जणांच्या गप्पांच्या टेबलावर तिचा निभाव लागला नसता. आयत्या वेळी एकट्यासाठी करायचा तर मात्र उत्तम पर्याय.

पाचवा पर्याय मालकांना अचानक सुचला आणि तोच लागू पडला: त्याच बेकरीचा पाव. लादी पावाच्या पिठात तिथे फक्त मैदा, यीस्ट, मीठ, थोडी साखर, तेल आणि इम्प्रूव्हर जात होतं. स्वस्त माल, त्यात पावडर घालून परवडत नाही. लोणी लागतं ते भाजून झाल्यावर वरून फिरवायला. म्हणजे पहाटेच्या घाण्यातून पाव पाडण्याआधी किलोभर पीठ बाजूला काढलं आणि त्याचे बेस लाटले, तर वेगळं काही मळायलाच नको. इम्प्रूव्हरचं पाकीट फोनवर वाचून घेतलं. हिरवा ठिपका होता, यादीत सोयापीठ आणि एन्झाइम होते, दूध नव्हतं. बेकरी ट्रेला कुठलं स्निग्ध लावते तेवढं विचारायचं राहिलं होतं. तेही विचारलं आणि तेल लावायचं ठरलं.

बाजारातलं व्हेगन चीज मागवायचं का, यावर फार वेळ गेला नाही. खोबरेल आणि स्टार्चपासून केलेल्या या चीजला थंड साखळी, म्हणजे वाटभर थंड ठेवणारी वाहतूक, लागते, वाटेत ते वितळून गोळा होतं, आणि केसीन नसल्याने खऱ्या चीजसारखी तार सुटत नाही. त्याऐवजी काजू घ्यायचं ठरलं. खानापूर-चंदगड पट्ट्याचा काजू बेळगावात सहज मिळतो, आणि वाटायचाच आहे तर अख्खा कशाला, तुकडा किंवा पाकळी पुरते.

चाचणी

गुरुवारी दुपारी एक पिझ्झा करून पाहिला. तो बिघडला, आणि बरं झालं.

पहिला घोटाळा भाषेचा. काउंटरवरून मालकांनी आत सांगितलं: चीज ब्याड (नको), ट्रेला एण्णे हाक (घाल). एण्णे म्हणजे तेल. आत मिक्सर चालू होता. कारागिराला ऐकू आलं बेण्णे, म्हणजे लोणी, आणि लोणी तर तो रोजच लावतो, त्यामुळे पुन्हा विचारायची गरज वाटली नाही. ट्रेला लोणी लागलं. सीमाभागातल्या स्वयंपाकघरांत एका अक्षराचा हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उपाय साधा निघाला: नुसतं 'एण्णे' न म्हणता 'शेंगा एण्णे' म्हणायचं. शेंगा दोन्ही भाषांत शेंगाच. शिवाय कन्नडमध्ये चार ओळींची चिठ्ठी लिहून ओव्हनजवळ चिकटवली: हालु (दूध), बेण्णे (लोणी), तुप्प (तूप), चीज, हे ब्याड, शेंगा एण्णे चालतं.

दुसरा घोटाळा ओव्हनचा. चीज नसलेला पिझ्झा नेहमीच्या पद्धतीने भाजला तर कांद्याच्या कडा करपतात, ढोबळी मिरची आतून कच्ची राहते आणि सॉस कातड्यासारखा सुकतो. चीजचा थर झाकणाचं काम करत असतो. तो ओलावा अडवतो, वितळताना भाज्यांना स्निग्ध पुरवतो आणि मीठही देतो. तो काढला की ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतात. नुसतं चीज वजा करून तेवढेच पैसे घेणारी दुकानं इथेच फसतात आणि मग 'बिनचीजचा पिझ्झा बेचव असतो' असं म्हणतात. नेपल्सचा मरिनारा पिझ्झा मुळातच टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेलाचा आहे, त्यात चीज कधी नव्हतंच. पण त्यात सॉस आणि तेल त्या हिशेबानेच पडतं.

दुसऱ्या प्रयत्नात हे बदल केले:

बटर पडण्याआधी पातेल्यातून अर्धा किलो सॉस वेगळा काढला, त्यात चार पाकळ्या लसूण आणि अर्धा चमचा जास्त मीठ घालून दहा मिनिटं आटवला. आठ इंची बेसवर नेहमी साधारण 80 ग्रॅम सॉस जायचा, तो 110 ग्रॅम केला. कांदा, ढोबळी मिरची आणि मशरूम चमचाभर तेल आणि चिमूटभर मिठात मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून घेतले. मशरूमचं पाणी तव्यावरच गेलं पाहिजे, नाहीतर ते बेसमध्ये उतरतं. नेहमीचा पिझ्झा 240 अंशांवर आठ-नऊ मिनिटं राहायचा. हा 230 वर, खालच्या कप्प्यात, सात मिनिटं.

काजूची साय अशी: 100 ग्रॅम काजू तुकडा गरम पाण्यात अर्धा तास भिजवून निथळायचा. त्यात 100 मिलि पाणी, चमचाभर तेल, दोन छोटे चमचे लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर. मिक्सरमध्ये बोटांना रवा लागणार नाही इतकं बारीक वाटायचं. साधारण 60 ग्रॅमप्रमाणे चार पिझ्झ्यांना पुरतं. पसरायचं नाही, चमच्याने वेगवेगळे ठिपके सोडायचे. पसरलं तर सुकून भेगा पडतात, ठिपके मात्र कॉर्नफ्लोअरमुळे ओव्हनमध्ये आळून मऊ राहतात. सकाळी केलेली साय संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये घट्ट होते. दोन चमचे पाणी घालून सैल करावी.

आणि बाहेर आल्यावर वरून छोटा चमचाभर कारळ्याची चटणी. ही सूचना पुन्हा कारागिराची. त्याच्याकडे कारळ्याला गुरेळ्ळु म्हणतात. चीजमुळे जी खारट, खमंग चव येते, तिच्या जवळ जाणारं आपल्या फडताळात दुसरं काही नाही. मालकांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा उचलला.

पावाच्या पिठाचा बेस मात्र फुगला. पावाचं पीठ सैल असतं. काट्याने दाट टोचलं नाही तर मधोमध पुरीसारखा फुगा येतो आणि सॉस कडेला घरंगळतो. रविवारसाठी बेकरीला तसं सांगितलं.

कार्यक्रमाचा दिवस

शनिवारी एक नवा प्रश्न आला. चुलत बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. काकू म्हणाल्या, "एवढं केलंच आहे, तर बाळालाही त्यातलाच देऊया." मुलीने नाही सांगितलं, आणि या प्रकरणातला तो सर्वांत बरोबर निर्णय होता. ती दूध तत्त्वापोटी टाळते. चीजचा कण चुकून लागला तर तिला वाईट वाटेल. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढ्याच कणाने जिवावर बेतू शकतं. एकच ओव्हन, तेच टेबल, हवेत उडणारा चीजचा कीस. असं स्वयंपाकघर व्हेगनसाठी पुरेसं सांभाळता येतं, ॲलर्जीसाठी नाही. (दूध न पचणं ही तिसरीच गोष्ट. ती पोटाची तक्रार आहे, ॲलर्जी नव्हे.) बाळाचा डबा घरून गेला.

रविवारी पहाटे बेकरीने 200 ग्रॅमचे चार बेस दिले. ऑर्डर दोन पिझ्झ्यांची होती, दोन बेस जादा. संध्याकाळी साडेसातला सगळे पोचले तेव्हा पार्लर भरलेलं होतं. ठरल्याप्रमाणे बिनदुधाचे पिझ्झे आधी ओव्हनमध्ये गेले, वेगळ्या ट्रेवर, खाली बटर पेपर घालून. इथे मदतनीस मुलाने विचारलं, बटर पेपरला बटर नसतं काय? नसतं. पण दुकानात त्या नावाने मेण लावलेला गुंडाळायचा कागदही मिळतो. तो ओव्हनमध्ये धूर करतो. भाजायला चालणारा मागून घ्यावा. कापायला फिरतं चाक न वापरता धुतलेली कात्री वापरली. चाकाच्या दांड्यात अडकलेलं चीज धुतलं तरी निघत नाही, कात्रीचं निघतं.

पहिला पिझ्झा बरोबर आला. दुसऱ्याला, काउंटरवर बशीत काढताना, त्याच मदतनिसाने सवयीने कडेवर गार्लिक बटरचा ब्रश फिरवला. चिठ्ठी ओव्हनजवळ होती. ब्रश काउंटरवर होता. मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो पिझ्झा बाकीच्यांनी खाल्ला, राखीव बेसवर नवा केला, पंधरा-अठरा मिनिटं जास्त लागली.

काय साधलं

मुलीला तिचा पिझ्झा मिळाला, फ्रेंच फ्राईजची बशी नाही. वडिलांनी तिच्या ताटातला तुकडा मागून घेतला आणि चटणी थोडी जास्त हवी म्हणाले. पार्लरने प्रत्येकी 50 रुपये जादा लावले. काजूचा खर्च पाहता ते वाजवी होते. घराची रीत मोडली नाही, आणि मालकांना स्वतःच्या सॉसमध्ये काय पडतं याची यादी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा करावी लागली.

अपयशही नोंदवायला हवं. दोनपैकी एक पिझ्झा बिघडला, तोही चाचणी, चिठ्ठी आणि पाच दिवसांची तयारी असताना. राखीव बेस नसता तर ती अर्ध्या पोटी उठली असती.

काय वेगळं करता आलं असतं

चिठ्ठी एका ठिकाणी लावली, पण पिझ्झा तीन हातांतून जातो: लाटणारा, भाजणारा, बशीत काढणारा. शेवटच्या हाताकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण गुरुवारच्या चाचणीत पिझ्झा काउंटरपर्यंत गेलाच नाही. सगळ्यांनी तो ओव्हनसमोर उभं राहूनच खाल्ला. चाचणी खऱ्या क्रमाने, टेबलावर येईपर्यंत करायला हवी होती. त्या वेळी गार्लिक बटरची वाटी समोर दिसली असती.

रविवारी साडेसात ही वेळही चुकीची. साडेपाचला गेले असते तर ओव्हन मोकळा आणि माणसं शांत असती. वडिलांचे मित्र उशिरा येणार म्हणून वेळ पुढे गेली. तसं असेल तर बिनदुधाचे पिझ्झे सहालाच करून ठेवून नंतर तीन मिनिटं गरम करता आले असते. चीज नसल्याने ते गार झाल्यावर रबरासारखे होत नाहीत, हा त्यांचा न सांगितला जाणारा गुण.

बेकरीशी बोलणं मालकांमार्फत झालं, ते योग्यच. गिऱ्हाईक थेट बेकरीत गेलं असतं तर मालकांना ते आवडलं नसतं आणि बेकरीने दारातूनच उत्तर दिलं असतं. पण डबे आणि पाकिटं प्रत्यक्ष पाहायला हवी होती. मार्गरीनची सूचना फोनवर वाचून दाखवली गेली, ती कुणी पाहिली नाही.

'व्हेगन' शब्द पहिल्या वाक्यात आणायचा की नाही, यावर दोन मतं होऊ शकतात. तो वापरला म्हणून जैन पिझ्झ्याचा फाटा निघाला आणि दहा मिनिटं गेली. शब्दच न उच्चारता 'दूध, लोणी, तूप, दही, चीज, पनीर, मध नको. तेल चालतं' एवढं सांगितलं असतं तर ती वाचली असती. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू अशा चार भाषांच्या गावात पदार्थांचीच नावं लवकर पोचतात.

महिन्याभराने कुटुंबातलं कुणी तिथे गेलं तेव्हा दरफलकावर सगळ्यांत खाली, नव्या रंगात एक ओळ वाढलेली होती: बिनदुधाचा पिझ्झा, एक दिवस आधी सांगणे. खाली तेच कन्नडमध्ये. पावाच्या पिठाचे सहा बेस आता फ्रीजरमध्ये असतात, गार्लिक बटरच्या ब्रशाला लाल दोरा बांधलाय, आणि बिनदुधाच्या पिझ्झ्याची कात्री वेगळ्या खिळ्याला टांगलेली आहे.